ऑक्टोपसच्या डोळ्याची आखणी

“ह्याला म्हणतात आई,” भाऊसाहेब वालावलकर ऑक्टोपसच्या टाकीच्या काचेवर काठीचं टोक टेकवून म्हणाले. “अंडी घातली तेव्हापासून हिने अन्नाला तोंड लावलेलं नाही. खेकडा समोर सोडला तरी ढुंकून बघत नाही. पिल्लं बाहेर पडली की ही प्राण सोडणार. माणसाने शिकावं असं आहे की नाही, सांगा.”

समोरच्या शिक्षिकांनी माना डोलावल्या. एकीने तर पदर डोळ्यांना लावला. मी शिडीवर उभी राहून भिंत रंगवत होते आणि हे प्रवचन मला एव्हाना पाठ झालं होतं, कारण मत्स्यालयाचं उद्घाटन व्हायच्या आधीपासूनच भाऊसाहेब रोज कोणाला ना कोणाला धरून आणत आणि काठी बरोबर त्याच जागी टेकवत. पण त्या दिवशी दारात माझी आई उभी होती. तिला आम्ही घरात बाय म्हणायचो. एका हातात माझा डबा, दुसरा हात ओटीपोटावर दाबलेला, पातळाचा काठ पावसाने भिजून घोट्याला चिकटलेला.

तिला बघून भाऊसाहेबांना आणखी चेव आला. “आणि ह्या आमच्या द्वारकावहिनी. लेक कामात जेवण विसरते म्हणून एवढ्या पावसात डबा घेऊन आल्या. स्वतः जेवल्या असतील का? नाव नको. आईची जात समुद्रात काय नि जमिनीवर काय, एकच.”

बाय लाजून हसली. शिक्षिकांनी आता तिच्याकडेही त्याच ओल्या डोळ्यांनी बघितलं. मला हातातला ब्रश निळ्या रंगासकट भाऊसाहेबांच्या टकलावर सोडून द्यावासा वाटला. बायला काय झालंय ते मला माहीत होतं, माझ्या वडिलांना माहीत होतं, आणि गावातले डॉक्टर भाऊसाहेबांचेच भाचे असल्यामुळे भाऊसाहेबांनाही माहीत होतं. वैशाखापासून तिच्या अंगावरून जात होतं, थांबायचं नाव नव्हतं. डॉक्टरांनी तपासून स्वच्छ सांगितलं होतं की गर्भपिशवीत गाठ आहे, गोव्याला मोठ्या दवाखान्यात न्या, ऑपरेशन करा, उशीर करू नका. आणि आता श्रावण उजाडायला आला होता.

आमची वेंगुर्ल्यात गणपतीची चित्रशाळा. आषाढापासून चतुर्थीपर्यंत आमच्या घरात माणसाला मरायलाही फुरसत नसते, असं लोक हसत हसत म्हणतात. बायने लग्न होऊन आल्यापासून माती मळली होती, मूर्ती घासल्या होत्या, पांढऱ्या रंगाचा पहिला हात दिला होता, आणि कामावरच्या सगळ्यांचा चहा-जेवण सांभाळलं होतं. ती गेली तर हे कोण करणार? असं आबा, म्हणजे माझे वडील, कधी तोंडाने म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, “चतुर्थी झाली की नेऊया.” आणि पुढे कौतुकाने जोडायचे की हिने जन्मात कधी कुरकुर केली नाही. मी भांडले, आबांशी आणि बायशीही. खरं सांगायचं तर बायचाच मला जास्त राग यायचा. मी गाडीची चौकशी करून आले की ती म्हणायची, “गो, माका काय धाड भरली नाय,” आणि पुन्हा मातीत हात घालायची. जिला न्यायचं तीच उठायला तयार नाही, तर माणसाने ओढून किती न्यावं.

मला त्या घरात आवडणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे आखणी. मूर्ती सगळी रंगवून झाली की शेवटी डोळे लिहायचे. ते काम आबांचं. त्या दिवशी ते आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसत, कोणाशी बोलत नसत, आणि बारीक ब्रशाने एका श्वासात भुवई, पापणी, बुबुळ. तो डोळा लिहिला की समोरची माती आपल्याकडे बघायला लागते. जिल्हाभरातून लोक आबांच्या डोळ्यांसाठी गणपती न्यायला येत. पण बाईच्या हातात तो ब्रश आमच्याकडे कधी दिला नाही. बायला नाही, मलाही नाही. म्हणून मी कोल्हापुरात चित्रकला शिकले आणि मासे काढायला लागले. माशाच्या डोळ्याला सोवळं लागत नाही.

मत्स्यालयाची ती भिंत म्हणूनच माझ्या जिवाची होती. भाऊसाहेबांच्या ट्रस्टने बंदराच्या रस्त्याला ते बांधायला घेतलं होतं आणि नारळी पौर्णिमेला उद्घाटन होतं. भिंतभर समुद्र, आणि मधोमध टाकीतल्या ह्या ऑक्टोपसच्या मादीचं चित्र. बाजारातला मासा समोर ठेवून काढलेलं चित्र मला बघवत नाही. मेल्यावर माशाचा रंग उतरतो आणि आपले चित्रकार तोच उतरलेला रंग जिवंत माशाला खुशाल फासतात. मी टाकीपुढे स्टूल टाकून दिवस दिवस बसायचे. मादी आली तेव्हा तांबडी होती, हलली की तपकिरी व्हायची, टाक्यांची देखभाल करणारा बाबल गिरप टाकी धुवायला आला की रागाने काळीठिक्कर पडायची. मग तिने टाकीतल्या आडव्या मडक्यात अंडी घातली. तांदळाच्या दाण्याएवढी अंडी, त्यांचे सर मडक्याच्या छताला लोंबत होते, आणि ती त्यांच्यावर सारखी पाण्याची फुंकर मारत बसलेली. हळूहळू तिचे सगळे रंग गेले. राखाडी झाली, मग पांढरट. पायांची टोकं झिजली, कातडी सुटून पाण्यात तरंगायला लागली. बाबल रोज एक खेकडा आत सोडायचा. तो खेकडा तिच्या अंगावरून चालत जायचा आणि ती त्याला एका पायाने बाजूला सारायची.

मी ते सगळं जसंच्या तसं भिंतीवर उतरवलं, राखाडी अंग, सुटलेली कातडी, झिजलेले पाय. डोळा तेवढा कोरा ठेवला. घरची सवय, डोळा शेवटी.

भाऊसाहेबांना चित्र आवडलं नाही. म्हणाले, लहान मुलं बघणार, जरा गुटगुटीत करा, आजूबाजूला चारपाच पिल्लं खेळताना दाखवा. मी सांगितलं की तिच्याभोवती पिल्लं कधीच खेळत नाहीत. पिल्लं निघतात तेव्हा ती मेलेली असते किंवा मरायला टेकलेली. ते हसले आणि म्हणाले, ठीक आहे, मग निदान डोळ्यांत वात्सल्य दिसू दे. ऑक्टोपसच्या डोळ्यात एक आडवी काळी फट असते. अंग कसंही कललं तरी फट आडवीच. त्यात वात्सल्य कुठे घालू, असं मी विचारलं. त्यावर ते काठी जरा जोरात आपटत गेले.

टाक्यांसाठी सल्ला द्यायला गोव्याहून डॉ. कारापूरकर नावाच्या बाई यायच्या. चष्म्यावर नेहमी खारे डाग, बोलणं थोडक्यात. त्यांनी आल्या आल्या पाणी बाहेर खेचणाऱ्या नळाला बारीक जाळी बसवायला सांगितली, कारण पिल्लं मोहरीएवढी असतात, सरळ नळात जातील. भाऊसाहेब म्हणाले, उद्घाटन होऊ दे, मग बसवू, जाळी वरून विचित्र दिसते. आधीच्या दोन खेपांनाही बाई तेच सांगून थकल्या होत्या. माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि भिंतीवरचं चित्र बराच वेळ बघत राहिल्या.

“चांगलं काढलंय,” त्या म्हणाल्या. “त्या गृहस्थांना एकदा सांगायला हवं की हा त्याग-बिग काही नसतो. हिच्या दोन डोळ्यांच्या मागे ग्रंथी असतात. अंडी घातली की त्या हिची भूक बंद करतात. कोणीतरी प्रयोग केला होता, त्या ग्रंथी काढून टाकल्या. मादी अंडी सोडून उठली, खायला लागली. कितीतरी दिवस जगली.”

“म्हणजे तिला उपाशी राहायचं नसतं?”

“तिला कोणी विचारलेलंच नसतं,” बाई म्हणाल्या आणि पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला लागल्या.

त्या रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. सांगितलं कसलं, आबांच्या अंगावर फेकलंच. आबा हसले, म्हणाले, शिकलेल्या लोकांना मायेतसुद्धा ग्रंथी दिसतात. बाय वाढता वाढता थांबली. तिने एवढंच विचारलं, “मगे त्या अंड्यांचा काय जाला?” मी म्हटलं, मेली. तिने मान हलवली आणि आबांच्या पानात भात वाढला. मला वाटलं, झालं, हिच्यापुढे बोलणं आणि पालथ्या घड्यावर पाणी ओतणं सारखंच. मी पान तसंच टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस एवढा होता की बाय म्हणाली, डबा मागाहून कशाला, मी तुझ्याबरोबरच येते. वाटेत ती दोनदा कोणाच्या तरी पडवीत टेकली. मी तिचा दंड धरून चालवत होते आणि तोंडाने तिला शिव्या घालत होते. मत्स्यालयात शिरलो तर माझ्या शिडीवर आबा.

आंघोळ केलेली, धुतलेलं धोतर, हातात आखणीचा ब्रश. खाली भाऊसाहेब, त्या दिवशीच्या शिक्षिकांतल्या दोघी आणि बाबल. भाऊसाहेबांनी पहाटेच चित्रशाळेत जाऊन आबांची आर्जवं केली होती. देवाला दृष्टी देणारा हात, एवढी दृष्टी आमच्या भिंतीवरच्या आईला द्या, वगैरे. आबांना असं कोणी म्हटलं की ते पाघळतात. माझ्या राखाडी, सुटलेल्या कातडीच्या मादीला त्यांनी गौरीच्या मुखवट्याचा डोळा लिहिला होता. लांबसडक, कोपऱ्यात तांबूस रेघ, वर पापण्या. सुरेख होता. तोच तर माझ्या संतापाचा कळस. तो डोळा लिहिल्याबरोबर ती उपाशी मरणारी मादी समाधानाने बघायला लागली होती, जणू तिचं सगळं मनासारखं चाललंय.

मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. माझ्या भिंतीला हात लावायचा तुम्हाला कोणी अधिकार दिला, हे नक्की बोलले. आबांना जन्मात मी अरे-तुरे केलं नव्हतं, त्या दिवशी तेही झालं. आबा शिडीवरून उतरले नाहीत. शांतपणे म्हणाले, “गो कुंदा, आवशीच्या डोळ्यात माया नको, तर काय व्हया?”

“जाऊ द्या, आपण भांडायचं कशाला,” भाऊसाहेब मध्ये पडले. “एक आई इथे उभीच आहे, तिलाच विचारू. वहिनी, तुम्हीच सांगा, डोळा कसा वाटतो?”

सगळे बायकडे बघायला लागले. तिने डबा खाली ठेवला. आधी भिंतीवरच्या डोळ्याकडे बघितलं. मग ती टाकीपाशी गेली आणि वाकून, काचेला कपाळ टेकून, आत बघत राहिली. आतली मादी आता पार पांढरी झाली होती, तरी फुंकर चालूच होती. खेकडा तिच्या डोक्यावर बसला होता. त्याला सारायचंही तिच्यात उरलं नव्हतं.

“ही मरतली,” बाय म्हणाली.

“तेच तर मोठेपण आहे, वहिनी.”

बाय सरळ झाली. तिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, आणि तेव्हाही चढला नाही. पण तिने पदर सावरला नाही, मान खाली घातली नाही, आणि भाऊसाहेबांकडे सरळ बघून बोलली.

“भाऊसायबानू, माझ्या अंगावरसून वैशाखापासून रगात जाता हा. तुमका म्हायत आसा. तुमच्या भाच्यानच सांगलेला. ह्यांका म्हायत आसा. गावात कोणाक म्हायत नाय? आणि जो तो माका बघून म्हणता, बाई किती सोसता.”

एक शिक्षिका दुसरीचा हात धरून जमिनीकडे बघायला लागली. चारचौघांत, पुरुषांपुढे, असं कोणी बोलत नाही. बाबल गुपचूप बाहेर गेला. भाऊसाहेबांची काठी हातातल्या हातात फिरली आणि थांबली.

“माका सोसूचा नाय,” बाय म्हणाली. “कधीच सोसूचा नव्हता. कोणी विचारूकच नाय.”

“अगो, पण दिवस कसले,” आबा शिडीवरून म्हणाले. त्यांचा ब्रश अजून हवेतच होता. “आखणी चालू जाली हा. चतुर्थी जाली की...”

“मगे तुमी आखीत बसा,” बाय म्हणाली. “कुंदा, गाडी बघ. माका गोंयाक जावचा आसा. आत्ता.”

मी गाडी बघायला धावले. बाबलने मी सांगायची वाटच बघितली नव्हती, तो बंदरावरून त्याच्या मेव्हण्याचा टेम्पो घेऊनच आला. मासळीच्या वासाचा, मागे ताडपत्री बांधलेला. बाय पुढे बसली. मी डबा आत विसरले होते तो आणायला गेले, तर आबा अजून शिडीवर, भाऊसाहेब खुर्चीत, आणि भिंतीवरचा डोळा दोघांकडे मायेने बघतोय. मी डबा उचलला आणि निघाले. त्या भिंतीचं पुढचं काम मी केलं नाही. समुद्राचा उजवा कोपरा अजून नुसता खडूने आखलेला आहे म्हणतात. मी त्या इमारतीत पुन्हा पाऊल टाकलं नाही.

मडक्यातलं काय झालं ते बाबलने मागाहून सांगितलं. पिल्लं उद्घाटनाच्या आदल्या दिवशी निघाली. मोहरीएवढी, धुरासारखी मडक्याबाहेर आली, आणि सगळीच्या सगळी नळात गेली. त्या आईच्या नावाने रोज गळा काढणाऱ्यांतल्या एकालाही एक जाळी बसवायचं सुचलं नाही. ती मेल्यावर भाऊसाहेबांनी टाकीवर हार घातला. हार घातला, हे सांगताना आजही माझे हात शिवशिवतात.

बाय वाचली. हे आधीच सांगून टाकते, कारण मला शेवट दवाखान्यातला सांगायचा आहे. ती पुढे बरीच वर्षं जगली, पोटभर जेवली, आणि चित्रशाळेत पुन्हा मातीला हात लावला नाही. आबांनी माणूस ठेवला. माणूस मिळत होता, आधीही मिळाला असता.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. तिला रक्त चढवत होते. रंग इतका उडाला होता की उशीच्या अभ्र्यात आणि तिच्या चेहऱ्यात फरक राहिला नव्हता. आबा तेवढ्यात येऊन पोचले होते. एसटीतून उभ्याने आले असावेत, नखांत काळा रंग तसाच. खाटेच्या पायथ्याशी ते हात जोडल्यासारखे उभे होते आणि मी त्यांच्याशी बोलत नव्हते. मोठे डॉक्टर आले. उंच, घाईतले, स्वभावाने तापट. त्यांनी कागद बघितले, बायच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, आणि एकदम आबांवर उखडले. म्हणाले, शरीरात रक्त म्हणून काही शिल्लक ठेवलेलं नाही, आणखी आठवडा गेला असता तर आणायची गरजच पडली नसती. तुम्ही घरातली माणसं काय डोळे मिटून बसला होतात? इतके महिने का थांबलात?

उत्तर बायने दिलं. डोळे मिटलेलेच होते, आणि डॉक्टरांना कळावं म्हणून ती मालवणी सोडून, शाळेतल्यासारखं सावकाश आणि शुद्ध बोलली.

“डॉक्टर, सगळे माझं कौतुक करत होते.”